स्वामीण, वर यायलेत का?

गोदे, काल तुझी राख दुधनेत सोडली तेव्हा मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. तुझा लेक गुडघाभर पाण्यात उभा, सुनेचे डोळे रडून सुजलेले, सगळा भोईवाडा घाटावर उतरलेला, आणि देवळाच्या पायरीवर ही जंगमाची म्हातारी पदर तोंडात कोंबून हसतेय. लोकांनी माझ्याकडे कसं पाहिलं असेल ते तूच समज. घरी आल्यावर आमचे स्वामी म्हणाले, "डोकं ठिकाणावर हाय ना? जन्माची मैतरीण गेली आन् दात काढतेस?" मी म्हटलं, तुम्हाला सांगून कळायचं नाही. जिला कळलं असतं तिची राख आत्ताच पाण्यात सोडून आले.

म्हणून तुलाच लिहून सांगायला बसले आहे. तुला अक्षर वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण जिवंत होतीस तेव्हा तरी माझं कुठं पुरतं ऐकून घेत होतीस? मी एक वाक्य बोलायची आणि तुझं सुरू. आता मधे बोलता येणार नाही तुला. ऐक गुमान.

तू लग्न होऊन आलीस तो दिवस आठवतो मला. पालमकडची पोर, गंगेकाठची. घाटावर उभी राहून तू दुधनेकडे पाहिलंस आणि कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "ह्याला नदी म्हणायलेत व्हय? आमच्या गंगेच्या एका वळणात असल्या चार मावतील." मी देवळाची पायरी धूत होते. म्हटलं, एवढी मोठी नदी सोडून इथं कशाला आलीस मग? तू म्हणालीस, "नवरा हितला निघाला, काय करू!" झालं. त्या दिवसापासून आपलं भांडण लागलं ते लागलंच.

आपल्या दोघींत एक रेघ होती. देवळाखालचा डोह महादेवाचा, त्यातल्या माशांना कुणी जाळं लावायचं नाही. मी रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घालायची, आणि हे थोरले थोरले मासे पायरीला येऊन गोळ्या मटकावून खाली जायचे. डोहाच्या वर आणि डोहाच्या खाली मात्र नदी तुमची, भोयांची. तू म्हणायचीस, "स्वामीण, तुमी पाळा, आमी खातो. डोहातून भायेर पडला की मासा माझा." आणि टोपली मुद्दाम अगदी खालच्या पायरीवर टेकवायचीस, वारा देवळाकडे असेल त्या दिवशी तर हमखास. मी नाकाला पदर लावला की तुला कोण आनंद व्हायचा!

मग रंगखाना आला. आपल्या गावापासून अर्ध्या कोसावर, सेलूच्या बाजूला, अगदी नदीच्या काठावर. सुताला आधी खळ द्यायची, मग विलायती रंग, मग ते सूत धुऊन वाळत घालायचं. उंच बांबूंवर लाल, निळं, हिरवं सूत लोंबायचं ते बघायला आम्ही बाया गेलो होतो, तूही होतीस. गावाला आनंदच झाला. पंधरा-वीस घरांना काम मिळालं. सूत धुतलेलं पाणी नालीनं सरळ दुधनेत पडायचं. एक दिवस नाली तांबडी, दुसऱ्या दिवशी निळी. तिला आंबलेल्या पेजेसारखा वास यायचा, पण नदी वाहती होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही.

माघात नदी बारीक झाली, आणि पहिली बोंब तू मारलीस. "स्वामीण, झिंगे गेले."

"गेले म्हणजे?"

"गेले म्हंजे गेले. चार दिस झाले, जाळ्यात एक झिंगा न्हाई. दगडाखालच्या गोगलगायी मेल्या. ते पाण्यावर पळायलेले किडे बी दिसंनात."

मी काय म्हणाले ते आठवतं का? मी म्हणाले, तुझ्या तावडीतून सुटले बिचारे, बरं झालं. तू टोपली उचलून चालती झालीस. टोपली रिकामी होती हे मला तू गेल्यावर लक्षात आलं.

त्याच आठवड्यात माझा चमत्कार सुरू झाला.

तुला माहीतच आहे, पहाटे उजाडायच्या आधी मी देवळातली घंटा वाजवायची आणि मग स्वामी पूजेला बसायचे. एका सोमवारी घंटा वाजवून मी सहज डोहाकडे पाहिलं, तर काय! सगळे मासे वर आलेले. गोळ्या खायला येतात तसे झुंबड करून नाही, तर शिस्तीत, ओळीनं, तोंडं पाण्याबाहेर काढून. तोंड उघडतायत, मिटतायत. उघडतायत, मिटतायत. जणू नामस्मरण चाललंय. माझ्या अंगावर काटा आला. मी घंटा पुन्हा वाजवली, ते तसेच. दुसऱ्या दिवशी वाजवली, तेच. मी स्वामींना ओढत आणलं. त्यांचेही हात जोडले गेले.

आणि मग मी काय शांत बसणार? मी विहिरीवर सांगितलं, दळताना सांगितलं, बाजारच्या दिवशी वालूरच्या माणसांना सांगितलं. महादेवाच्या डोहातले मासे पहाटेच्या घंटेला दर्शनाला येतात! शिवरात्रीला तर सेलूहून बैलगाड्या आल्या. बाया लेकरांना कडेवर घेऊन अंधारातच घाटावर बसल्या. मी घंटा वाजवली, मासे आले, आणि सगळा घाट "हर हर महादेव" करून उठला. त्या दिवशी बाया देवाच्या पाया पडून झाल्यावर माझ्याही पाया पडल्या. गोदे, आता खरं सांगायला कुणाची भीती? मला लय आवडलं ते. पोटी लेकरू नाही म्हणून ज्या बाया मला शुभकार्यात मागं सारायच्या, त्याच बाया माझ्या पायावर डोकं ठेवत होत्या. मला वाटलं, देवानं माझं सगळं एकदम फेडलं.

त्या गर्दीत तू एकटीच होतीस जिनं हात जोडले नव्हते.

माणसं पांगल्यावर तू आलीस. टोपली नव्हती तुझ्याकडं. तू म्हणालीस, "स्वामीण, राग मानू नका. ते दर्शनाला न्हाई यायलेत. त्यांचा जीव गुदमरायलाय."

मला काय राग आला! मी म्हटलं, तुला काय कळतं? जन्मभर मासे मारणाऱ्या बाईला भक्ती काय कळणार? तू शांतपणे म्हणालीस, "मारणारीलाच कळतं. टोपलीत टाकल्यावर मासा असंच तोंड करतो. म्या रोज बगते. तुमी कवा बगितलंय?"

मी पाठ फिरवली. तू मागून म्हणालीस, "उद्या घंटा वाजवू नका. निस्ती हातात दोरी धरून उभ्या राहा. मासे आले न्हाईत, तर मी तुमच्या देवापुढं नाक घासते आन् परत पालमला जाते. तसं बी हितं काय राहिलंय आता? आठ घरं हाय आमची, आठ बी चुली थंड पडायल्यात."

सगळी रात मी तळमळले. घंटा वाजवायची नाही म्हणजे काय? लग्न होऊन आल्यापासून एक दिवस ती चुकली नव्हती. पण तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना. तुमी कवा बगितलंय? नव्हतंच बघितलं मी. टोपलीजवळ आले की नाकाला पदर आणि मान तिकडं, असा माझा नेम.

पहाटे गेले. दोरी हातात धरली आणि तशीच उभी राहिले. तांबडं फुटायला लागलं. डोह गप्प होता. मी मनात म्हणत होते, येऊ नका रे बाबांनो, घंटा नाही वाजली, येऊ नका. आणि एक तोंड वर आलं. मग दुसरं. मग ओळच्या ओळ. मी पायऱ्या उतरून अगदी पाण्याजवळ बसले आणि जन्मात पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे वटारलेले, कल्ले फडफड उडतायत, आणि तो थोरला, ज्याला मी नंदी म्हणायची, तो एका कुशीवर कलला होता. पाण्याला आंबूस वास होता. मी त्याच्यापुढं गोळी धरली. त्यानं ती घेतलीही नाही. त्याला फक्त वारा पाहिजे होता.

शिवरात्रीला ते मरणाच्या दारात उभे होते आणि मी हजार माणसांना बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. गोदे, मी तिथंच पायरीवर बसून जी रडले!

तू आलीस, उभी राहिलीस. मला वाटलं आता टोमणा येणार. पण तू म्हणालीस, "रडून झालं की उठा. सेलूला जायचंय, अर्जी करायला."

तो अर्जनवीस मियाँ आठवतो? तहसीलीबाहेर चटई टाकून बसलेला, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्यानं कलम शाईत बुडवून विचारलं, "जुल्म किस पे हुआ?" तू ठणकावून म्हणालीस, "मासळीवर!" त्यानं कलम खाली ठेवलं आणि पोट धरून हसायला लागला. "मछली के तरफ से अर्जी? अम्मा, इत्ते बरस में मैं ऐसी अर्जी न्हई लिखा." आपण दोघी तोंड पाडून उठणार, तेवढ्यात त्याचंच मन पाघळलं. त्यानं विचारलं, त्या घाटावर अजून कोण पाणी पितं? तू म्हणालीस, ढोरं पितात, माणसं पितात, आन् तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले की त्यांची घोडी बी तिथंच पिती. "बस, बस!" तो म्हणाला. "अब हुई अर्जी." आणि त्यानं माशांच्या आधी घोडी लिहिली. साहेबांचा त्या घोडीवर बायकोपेक्षा जास्त जीव आहे हे सगळ्या सेलूला ठाऊक होतं.

आठ दिवसांत साहेब आले की नाही!

ते यायच्या आदल्या संध्याकाळी आपलं जे भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. तू बुरडाकडून बांबूच्या तीन डाली आणल्या होत्यास. वरच्या स्वच्छ पाण्यातून झिंगे आणि बोटाएवढे पांढरे मासे धरून आणलेस, दर डालीत दहा, आणि वरून जाळं शिवलंस. एक डाल नालीच्या वर ठेवायची, एक नालीच्या तोंडाशी, एक डोहात. मला कळल्याबरोबर मी ओरडले, "म्हणजे तू हे जाणूनबुजून मारणार? जिवंत जीव विषात ठेवणार?"

"व्हय."

"पाप लागेल."

"लागू द्या. म्या रोज मारते पोटासाठी. आज पयल्यांदा वाचवायसाठी मारायले. ह्याचं पाप तुमच्या देवाला मोजता येत असंल तर मोजू द्या."

मी म्हटलं, मला हे मान्य नाही. तू म्हणालीस, "मान्य करू नका. निस्तं आडवं येऊ नका." मी आडवी आले नाही. पण मान्यही केलं नाही, आणि ते आजही करत नाही. सांगून ठेवते.

सकाळी साहेब आले. आधी देवळाच्या घाटावर येऊन घोडीला पाणी दाखवलं, तर तिनं वास घेतला, फुर्र केलं आणि मान फिरवली. साहेबांच्या कपाळावर आठी पडली ती तिथंच. रंगखान्याजवळ त्यांना खुर्ची टाकली. तिथला शेठ स्वतः आलाच नाही, त्यानं मुनीम पुढं केला. डोहातली डाल तू घाटावरून साहेबांदेखत सोबत आणली होतीस; उरलेल्या दोन पदर खोचून पाण्यात उतरून वर काढल्यास. वरच्या डालीतले दहाचे दहा थडाथड उड्या मारत होते. नालीच्या तोंडाशी दहाचे दहा पोट वर करून. डोहातल्या डालीत सहा मेलेले, चार तोंड वासून. तू तिन्ही डाली साहेबांच्या पायाशी ओळीनं मांडल्यास आणि बाजूला उभी राहिलीस.

मुनीम मोठा हुशार. त्यानं आधीच तयारी केली होती. नालीच्या निळ्या पाण्यानं भरलेलं घंगाळ आणवलं आणि त्यात एक चांगली हातभर मरळ सोडलेली. मरळ मस्त फिरत होती. "सरकार, कालपासून ह्याच पाण्यात हाय. मेली का? ही बाई मेलेले मासेच डालीत भरून आणती." साहेबांनी घंगाळात वाकून पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं. 

आणि तू हसलीस! भर तहसीलदारापुढं खो खो हसलीस. "मुनीमजी, मासा तरी दुसरा आणायचा! मरळ चिखलात पडली तरी जगती. ती वर येती, वारा पिती, परत खाली जाती. बगा, साहेब, आता येईल बगा." आणि खरंच, मरळीनं वर येऊन एक घोट हवा घेतली. "तिला पाण्याच्या जिवावर जगायचंच न्हाई. माझे झिंगे सोडा त्यात." वरच्या डालीतले दोन झिंगे काढून तू घंगाळात टाकलेस. साहेबांसाठी चहा आला होता. तो पिऊन होईपर्यंत दोन्ही झिंगे आडवे झाले, आणि मरळ त्यांच्या अंगावरून ऐटीत फिरत राहिली. साहेब मिशीत हसले. मला वाटलं, जिंकलो.

तेव्हा मुनीमानं शेवटचा पत्ता काढला. त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"सरकार, ह्या स्वामीणबाईला इचारा. हिनंच सगळ्या मुलुखाला सांगितलं की मासे घंटा ऐकून दर्शनाला वर येतात. आमी सगळ्यांनी शिवरात्रीला डोळ्यांनी बगितलं. आता तेच मासे दुखण्यानं वर येतात व्हय? आमच्या पाण्यात खोट काढायची म्हंजे देवाच्या चमत्कारात खोट काढायची. बोला म्हणावं!"

शंभर माणसं तरी होती. गावातली, वालूरची, शिवरात्रीला माझ्या पाया पडलेल्या बायासुद्धा. आमचे स्वामी मान खाली घालून उभे. साहेब म्हणाले, "अम्मा, सच बोलो. ये मछल्याँ घंटी सुन के आते थे क्या?"

 मला समोर दिसत होतं, मी हो म्हटलं की देवळाचा मान राहतो, माझा मान राहतो, आणि तू पालमची वाट धरतेस. नाही म्हटलं की माझं सगळं गेलं. तू माझ्या मागं उभी होतीस, ओल्या लुगड्यानं. आणि हळूच म्हणालीस, "बोल की गं."

सगळा जन्म तू मला अहो-जाहो केलंस. तेवढं एकदाच असं म्हणालीस, जशी बहीण म्हणते. पुन्हा कधी म्हणाली नाहीस, आणि मीही म्हण म्हणून सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

मी बोलले. एवढं मोठ्यानं मी कधीच बोलले नव्हते. "साहेब, माझं चुकलं. मासे देवासाठी नाही, वाऱ्यासाठी वर येत होते. शिवरात्रीपासून मी घंटा वाजवलेली नाही. तरी ते येतात. ते मरायलेत, आणि मी त्याला भक्ती म्हटलं. ज्या ज्या माझ्या पाया पडल्या त्यांनी मला माफ करा." गर्दीत एकच कालवा झाला. घंटा मुद्दाम वाजवली नाही? कुणी तरी ओरडलं, "स्वामीण, देव कोपंल!" मी म्हटलं, "कोपू द्या. त्याचे मासे आधी जगू द्या, मग माझ्यावर कोपू द्या."

साहेबांनी एकदा घंगाळातल्या झिंग्यांकडे पाहिलं. मग उठले आणि मुनीमाला म्हणाले, "नाली बंद." दोनच शब्द! नदीपासून लांब, बाभळबनात खड्डे खणायचे, रंगाचं पाणी तिथं जिरवायचं, आणि खड्डे होईस्तोवर एक वावभर सूत धुवायचं नाही. मुनीमाचं तोंड असं झालं, की तुझ्या डालीतला मासा बरा! भोईवाड्यातल्या बायांनी तुला उचलूनच घेतलं. तू त्यांच्या खांद्यावरून मला ओरडून सांगत होतीस, "स्वामीण, घोडीला साखर पाठवा!"

मला मात्र घरी आल्यावर स्वामी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी पहाटे मीच घंटेची दोरी धरायला गेले तर ते आधीच डोहाच्या काठाला उकिडवे बसलेले. म्हणाले, "आज कमी हायत वर." झालं, संपला अबोला.

पाऊस पडला, नदी धुऊन निघाली. नंदी वाचला, पुष्कळसे वाचले. पण तू म्हणायचीस, झिंगे येईस्तोवर काही खरं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. आणि एका सकाळी तू घाटावरून पळत आलीस. त्या वयात, लुगडं गुडघ्याच्या वर, पळत! ओंजळीत पाणी आणि पाण्यात एक झिंगा, काचेसारखा, आरपार दिसणारा. "आला!" म्हणालीस. "आला, स्वामीण, आला!" आपण दोघी त्या एवढ्याशा जिवाकडे बघून हसत होतो, रडत होतो. मग तू वाकलीस आणि त्याला डोहात सोडून दिलंस.

मी म्हटलं, "अगं, सोडलास? तू?"

"पयला हाय. त्याचा मान." मग लगेच, "दुसऱ्यापास्नं माझे!"

तेव्हापासून रोज सकाळी नदीवर जाताना तू खालून हाक मारायचीस, "स्वामीण, वर यायलेत का?" मी डोहात बघून सांगायची, "नाही गं, एकही नाही." तू म्हणायचीस, "मग बरं हाय," आणि पुढं जायचीस. लांबून आलेला पाहुणा बुचकळ्यात पडायचा, की ह्या दोघी मासे नाहीत म्हणून खूश कशा होतात!

त्या सोळा माशांवरून आणि दोन झिंग्यांवरून मात्र आपण शेवटपर्यंत भांडत राहिलो. मी म्हणायची, दुसरा काही उपाय निघाला असता. तू म्हणायचीस, तुमी घंटेनं किती मारले ते आधी सांगा. माशांवर जीव कुणाचा जास्त, वाचवून बघत बसणारीचा की वाचवून खाणारीचा, हेही ठरलं नाही. तू म्हणायचीस, "एकदा कालवण चाखा, मग बोलू." मी म्हणायची, एकदा उपास कर, मग बोलू.

पण एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. त्या सगळ्या वर्षांत तू खालच्या पायरीवर बसलीस आणि मी वरच्या. टोपली असली की वर यायचं नाही ही रीत. पण टोपली नसायची तेव्हाही तू वर आली नाहीस, आणि मीही ये म्हटलं नाही. ज्या तापात तू गेलीस, त्याच्या शेवटच्या दिवशी मी तुझ्या घरी आले, तुझ्या बाजेवर बसले, तुझं डोकं मांडीवर घेतलं. तू डोळे उघडून इकडं तिकडं बघितलंस आणि विचारलंस, "स्वामीण, तुमी हितं? वासानं बाटाल की!" मेली! मरताना सुद्धा टोमणा! आणि मग, अगदी बारीक आवाजात, "वर यायलेत का?" मी म्हटलं, "नाही गं, एकही नाही." तू मान हलवलीस. पुढचं तुला बोलवलं नाही.

तर काल. लेकानं तुझी राख पाण्यात सोडली, वर झेंडूची फुलं सोडली. ती डोहावरून हळूहळू फिरायला लागली. आणि सगळा घाट टक लावून पाण्याकडे बघत उभा. का, ते आधी मला कळेना. मग मागं कुजबुज ऐकली. लोक वाट बघत होते, गोदे! माशांनी डोह भरून गेला तो हिच्यामुळं, तेव्हा आज तरी मासे वर येऊन हिला निरोप देतील. बाया हात जोडून उभ्या. तुझी सून मला म्हणाली, "स्वामीण, घंटा वाजवा ना. एकदा वाजवा." मी वाजवली. तुझ्यासाठी, चांगली दणदणीत वाजवली.

घंटेचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन विरला. डोह गप्प. ऊन पाण्यात पार खोलवर उतरलं होतं आणि खाली, लांब खाली, काळ्या पाठी सावकाश फिरताना दिसत होत्या. शेकड्यांनी. वर कुणी आलं नाही. बराच वेळ गेला. एक म्हातारी हळहळली, "एवढं केलं बाईनं, आन् एक मासा वर येऊ नये!"

तेव्हा मला हसू आलं. मग आवरेचना. मी वरच्या पायरीवरून उठले, एकेक पायरी उतरले आणि खाली, तुझ्या पायरीवर जाऊन बसले. पाण्याजवळ तोंड नेलं आणि तुला सांगितलं.

"नाही गं गोदे. एकही नाही."